रानजायफळाची मादी

हे मी घरीही कधी बोललो नाही. चाकणच्या माझ्या शेडमध्ये माल ठेवायच्या पॅलेटसाठी ओलं लाकूड चिरलं, की त्याच्या तुरट वासाने आजही मी बाहेर जाऊन उभा राहतो. काही वर्षांपूर्वी मी लाकूड बघायला घाटातल्या एका मालकी रानात गेलो होतो. आमच्या बिलावर सगळ्या जातींना एकच नाव, जंगलवूड. जमीनमालकाची म्हातारी आई रानजायफळाच्या एका जाड झाडाला हात टेकून उभी राहिली. "हिला तेवढी सोडा, दादा. ह्यांच्यात नर-मादी येगळी. फळ हिलाच धरतं, बाकी समदे नुसते बाप्ये हायत!" माझ्याबरोबरचा तोडणीचा ठेकेदार हसला, "आजी, लग्नं लावताय का झाडांची?" मी तिला शब्द दिला. पण पुढे पॅलेट कमी पडले, पॅलेट घेणाऱ्या कंपनीचे फोनवर फोन सुरू झाले, आणि ठेकेदाराने विचारलं, "गाडी भरत नाय भाऊ, ती मादी घेऊ का?" मी म्हणालो, "घे." गाडी येईपर्यंत मी शेडच्या गेटवर येरझारा घालत होतो. ओंडक्यांतून लाल चीक गळत होता. म्हातारीचा फोन येईल या धास्तीने मी मोबाइल बंद करून ठेवला. ठेकेदाराने मात्र तिला परस्पर सांगून टाकलं होतं, की झाड तुमच्या मुलानेच दिलं. ती मुलाशी बोलेनाशी झाली, हे कळूनही मी गप्प राहिलो. त्या रानात रानजायफळाचं नवं रोप आता उगवणार नाही, ते माझ्या हातात नाही. पण झाड मुलाने नाही, मी तोडायला लावलं, हे त्या माउलीला तिच्या दारात जाऊन सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.