मास्तरांचे राहिलेले तीन मासे

पाटणकर मास्तर गेल्याचं कार्ड त्यांच्या मुलीनं टाकलं होतं. मी दुसरी शिकलेला माणूस, पण कार्ड कोणाकडून वाचून घेतलं नाही. अक्षराला अक्षर लावत गेलो. शेवटच्या ओळीपाशी पोचलो, तेव्हा माझ्यापुरते मास्तर गेले... त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून हात एका कामात राहत नाही. जाळं विणायला घेतो, चार गाठी मारतो, उठतो. म्हणून हे लिहून राह्यलो. पेपरवाल्यांनी अक्षर सुधारावं, गोष्ट सुधारू नये.

मी भोई. मेहकरच्या खाली पैनगंगेला आमच्या गावचा डोह आहे, डोहावर देऊळ. देवळाच्या पायऱ्यांपाशी आम्ही जाळं टाकत नाही; तिथले मासे देवाचे. मुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे पायऱ्यांना येऊन टेकतात. तेच मासे खालच्या अंगाला गेले, की माणसाची सावली पाहून बुडी मारतात. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं तेव्हा अमरावतीकडच्या एका कॉलेजातले हे प्राध्यापक एस.टी.नं आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पायरीवर बसले आणि म्हणाले, "सखारामभाऊ, माशाला एवढं समजतं, तर त्याला आपलं घर आठवत असेल का हो?" सारं गाव त्यांना साहेब म्हणायचं. मी मास्तर म्हटलं. माशाचं मला विचारायला आलेला माणूस माझा साहेब कसा?

गुरवाला नारळ देऊन काम सुरू झालं. मुरमुऱ्यांवर आलेला मासा फडक्याच्या झोळीत उचलायचा, शेपटीला कात्रीनं बारीक खाच पाडायची, पाण्याच्या पिपात घालून बैलांच्या बंडीतून दोन कोस खाली नेऊन सोडायचा. मग मास्तर पायरीवर वाट पाहत बसायचे, हातात वही, डोक्यावर ओला रुमाल. दोन हंगामांत खाचेचे अकरा मासे पायऱ्यांपाशी परत दिसले. दर वेळी मास्तर ओरडायचे, "आला! घरी आला!" त्यांनी इंग्रजीत मोठा लेख लिहिला आणि टपालात टाकायच्या आधी मला मराठीत समजावून सांगितला. "मासा वाट लक्षात ठेवतो, सखारामभाऊ!" मी मान हलवली. ते मान हलवणं अजून टोचतं.

कारण खालच्या अंगाला आमच्या जाळ्यात खाचेचा मासा आला, की तो देवाचा. तो विकायचा नाही, खायचा नाही; घागरीत घालून वर आणायचा आणि पायऱ्यांपाशी सोडायचा. आणि देवाचं देवाला दिलं की बोलायचं नाही, घरातही नाही, ही आमची रीत. दोन मासे मी स्वतः सोडले होते. वाटलं, दोन माशांनी काय बिघडतं? पण माझ्यामुळं त्या माणसाचं नाव खोट्याखाली छापून येणार होतं. चौथ्या दिवशी मेहकरला गेलो, ते उतरले होते तिथं.

"मास्तर, ते कागद टाकू नका."

"काऊन जी?" माझ्याच बोलीत विचारून ते हसले.

"दोन मासे आले नाहीत. म्या आणले."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसतच बसले. रागावले असते तर बरं झालं असतं...

मी रीत मोडली म्हणून बाकीचेही बोलले. आणखी सहा मासे निघाले. अकरातले आठ गेले, उरले तीन. हे तीन आपणहून आले, की तिघं जण गप्प आहेत? मास्तरांनी लेख फाडला नाही, ट्रंकेत ठेवला. त्यांच्या मागून नोकरीला लागलेले मोठ्या जागांवर गेले. पुढच्या हंगामात ते मला म्हणाले, "पुन्हा मासे सोडू. फक्त एक हंगाम लोकांना ते वर आणण्यापासून थांबवा. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही."

"नाही मोडणार. म्हणूनच शब्द टाकत नाही. एकदा मोडली ती पुरे. रीत म्हणजे रीत."

"मग माझं काय बे?"

उभ्या जन्मात ते तेवढ्याच वेळी मला बे म्हणाले. मी जाळं खांद्यावर टाकलं आणि निघून आलो.

पुढं त्यांनी कॉलेजात काचेच्या पेट्यांत मासे पाळले. कोणत्या कोपऱ्यात खाणं पडतं हे मासा किती दिवस ध्यानात ठेवतो, ते पाहिलं, लिहिलं, छापूनही आलं. तरी दर हिवाळ्यात ते डोहावर यायचे. "काचेतला मासा मला ओळखतो, सखारामभाऊ. पण काचेत त्याचं घर नाही ना..." मागच्या खेपेला पायऱ्या उतरताना त्यांना धाप लागली. "ते तीन..." एवढंच म्हणाले. मी हात धरून त्यांना खालच्या पायरीवर बसवलं.

कार्ड आलं त्या दिवशी बायकोला वाचून दाखवलं. थापलेली भाकर तव्यावर टाकून ती म्हणाली,

"त्या तिघांतला एक म्या सोडला होता. तुम्ही बाजाराले गेलते तवा, तुमच्याच जाळ्यातून काढून."

"इतकी वर्सं काऊन नाही सांगतलं वं?"

"काऊन सांगू? रीत म्हणजे रीत. तुम्हीच तर मास्तरले आयकवली."

म्हणजे आता दोन. त्या काळचे दोन म्हातारे अजून आहेत गावात. मास्तर असते तर म्हणाले असते, विचारा, जे असेल ते असेल. मला ठाऊक आहे. म्हणून रोज सकाळी विचारायला निघतो, आणि अर्ध्या वाटेतून वळतो. दोघंही हो म्हणाले तर मास्तरांचं काय उरलं?

आज एकाच्या दारापर्यंत गेलो. तो खाटेवरून म्हणाला, "ये सखाराम. सकाळीच काऊन आला बे?"

"काही नाही," मी म्हटलं, "तमाखू दे."