चौथा हात

बन्सीलालचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होई. नगरसेवक झाल्यावरही. सातला लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, उभं राहायचं, त्याआधी वस्तीतली तुंबलेली गटारं पाहून घ्यायची. सुरतेत डिंडोलीच्या टोकाची ही वस्ती खानदेशातून आलेल्यांनी शेताच्या चिखलात बांधली. तिथून निवडून गेलेला तो पहिलाच. सभेच्या दिवशी तेवढी अर्धी पाळी बुडवी. लूम सोडला नाही.

त्या दिवशी रस्ते समितीपुढे प्रश्न साधा होता. नवा रस्ता पडीक प्लॉटमधून न्यायचा की सुंदराच्या घरावरून. सुंदरा विधवा. साड्यांना टिकल्या चिकटवून तिने ते घर उभं केलं होतं. बन्सीलाल तिच्या बाजूने बोलला आणि बसला. मग सगळेच एकदम ओरडू लागले. त्या गोंगाटात अध्यक्षांनी घरावरून रस्ता नेण्याच्या बाजूने हात वर केला, बन्सीलालकडे बघत. यानेही केला.

लूम चालू असताना खात्यात शब्द ऐकू येत नाही. लांबून कोणी हात वर केला की आपणही करायचा, म्हणजे 'पाहिलं, येतो.' एकतीस वर्षांची सवय.

कारकुनाने हात मोजले. सातांत चार.

"साहेब, ते माझं मत नव्हतं."

"लखाई गयुं, बन्सीभाई," अध्यक्ष लिहिलेल्या नोंदीवर बोट ठेवत म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

सुंदराला सांगायला तो स्वतः गेला.

"तुन्हा हात मन्हा घरवर पडना, नाना," ती एवढंच म्हणाली.

शेजारचा चिंधा त्याच्याच खात्यातला कारीगर. तो कसला गप्प बसतो! "तो हात लूममध्ये गेला असता, तर उचलून दवाखान्यात तरी नेला असता. आता कुठं नेऊ?"

सवयीचं कारण चिंधाला लगेच पटलं असतं. बन्सीलालने ते सांगितलं नाही. कापडाचा ताका खराब निघाला की दोष कारीगराचाच.

त्याने अकरा अर्ज केले. ठराव हलला नाही. घर पाडायच्या दिवशी छतावर चढून त्याने पत्रे एकेक करून उतरवले, वाकू न देता.

पुढच्या निवडणुकीला तो उभा राहिला नाही. बारा तासांच्या पाळीवर रोज आणखी चार तास घेतले. गुडघे सुजले, तरी खाडा नाही. अडीच वर्षांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला, सुंदरासाठी एक खोली मिळाली. तिची भरपाई जिथे तोकडी पडली, तिथून पुढचं सगळं त्याच्या मजुरीतून गेलं. कागद तिच्या नावावर. तिने ते घेतले. त्याला बैस म्हणाली नाही.