उतारावरची घरं आणि ब्राझीलचा धडा

दहावीच्या भूगोलात ब्राझील आहे. जव्हारच्या शाळेत तो मी दरवर्षी शिकवते. एका वर्षी शाळा तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर बसले होते. तिथल्या शहरांत गरीब माणसं डोंगरउतारावर दाटीनं घरं बांधून राहतात, त्या वस्त्यांना फावेला म्हणतात, पाऊस फार झाला की दरड सुटते आणि घरं माणसांसकट खाली येतात, असं मी सांगत होते. चिखल उपसून लोक पुन्हा तिथंच विटा रचतात, हेही सांगितलं.

दाभोसा गावची एक मुलगी उठली. "बाई, माणसं मेली ना? मग परत तिथंच का जातात?"

मी उत्तर देणार तोच मागून साहेब म्हणाले, "अज्ञान आणि हट्ट. लिहून घ्या रे, परीक्षेला येईल."

सगळी डोकी वहीत वाकली.

"पेन खाली ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज एवढा चढेल असं मलाच वाटलं नव्हतं.

माझं माहेर वांगणीजवळच्या पाड्यावर. आदल्याच पावसाळ्यात आमच्या घरामागची माती सुटली होती. शेळ्या गेल्या, मागची भिंत आडवी झाली. सरकारी माणसांनी घरच्यांना तिथल्या शाळेच्या खोलीत ठेवलं, आणि पाऊस ओसरल्यावर 'आता आपापली सोय बघा' म्हणून सांगितलं. मी माझ्या बाला म्हणाले, जव्हारला माझ्याकडे चल. तो म्हणाला, "आन् नाचणी काय तुझ्या गच्चीवर लावू?" खाली सपाट जमीन होती, पण आमची नव्हती. मग पाड्यातली माणसं आली आणि ओहळाची वाट सोडून, बाजूच्या खडकावर सगळ्यांनी मिळून घर उभं केलं.

हे मी वर्गात सांगितलं, साहेबांकडे बघूनच. "दरड आम्हाला कळत नाही असं नाही. दुसरी जागा कुणी दिली नाही, एवढंच. ब्राझीलच्या माणसांचंही तेच असणार."

"बाई, हा भूगोल नाही."

"मग भूगोल म्हणजे काय, सर?"

ते उठून गेले. दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "साहेबांना फोन लावून देतो, चुकलं म्हणा. तुमचं काय जातं?"

"मुलं मग तेच उत्तर लिहितील, सर. त्यांच्याच आईबापांबद्दल."

मी माफी मागितली नाही. 'विषय सोडून बोलतात' असा शेरा माझ्या सेवापुस्तकात आला, तो अजून आहे.

यंदा धड्याआधी मी विचारलं, घरामागं उतार कुणाकुणाच्या आहे? हात वर होतच राहिले. एकीनं विचारलं, "बाई, तिकडचे लोक सरकारकडं जागा मागत नाहीत?"

"मागतात. भांडतात."

"मिळते?"

"कधी कधी. पण न भांडता कुणालाच मिळालेली नाही."