टिटवीच्या ब्लॉगमध्ये आई शिरली

टिटवी हे नाव तिला वडिलांनी ठेवलं, कारण लहानपणी ती झोपेतसुद्धा बोलायची. पुढे शाळा झाली, कॉलेज झालं, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची नोकरी लागली, पण तोंड काही मिटलं नाही. दुकानाच्या मालकांनी एकदा तिला चक्क हात जोडले. म्हणाले, "बाई गं, गिऱ्हाइकाला अक्षरं वाचू दे. तूच मागून वाचून दाखवलीस, तर नंबर त्याचा काढू की तुझा?"

तेव्हापासून टिटवीने आपलं बोलणं ब्लॉगकडे वळवलं. विषय तीनच: देव, मोबाइल आणि रोजचं जगणं. चर्चमध्येच लहानाची मोठी झालेली पोरगी. देवावर जीव होता, पण प्रश्नही पडायचे आणि ते ती बेधडक मांडायची. प्रार्थना पोचल्याची निळी खूण का येत नाही? चर्चमध्ये मोबाइल सायलेंटवर टाकतो, पण डोकं कशावर टाकायचं? पासवर्ड विसरला हे आपण मुकाट्याने कबूल करतो, मग चुकलो हे कबूल करताना एवढे आढेवेढे का? मंडळीतले बरेच जण हे वाचायचे. पाळकसाहेब तर अधूनमधून उपदेशात "आपल्यातल्या एका तरुण भगिनीने म्हटलं आहे" असं म्हणायचे, आणि मग टिटवीची आई मान वळवून बघून घ्यायची, सगळ्यांनी नीट ऐकलं ना.

एका शनिवारी दुकानात काचेची धार टिटवीच्या अंगठ्याला लागली. फारसं काही झालं नव्हतं, पण पट्टी अशी बांधली गेली की अंगठ्याचं गाठोडं झालं. टाइप करणं अशक्य. मग तिने मोबाइलचा माइक चालू केला. आपण बोलायचं, अक्षरं तो उमटवणार. बाहेरच्या खोलीत वडिलांचा टीव्ही दणाणत होता, म्हणून ती स्वयंपाकघरात बसली. लेखाचा विषय होता शांतता, तेव्हा डोळेही मिटून घेतले. आई पलीकडे भाजी फोडणीला टाकत होती आणि नेहमीसारखी बोलत होती. टिटवीला त्याची इतकी सवय की तिला ते ऐकूसुद्धा आलं नाही. मोबाइलला मात्र सगळं आलं. अंगठा ठणकत होता, वाचून बघायचा कंटाळा आला आणि तिने लेख तसाच ब्लॉगवर टाकला.

लोकांनी वाचलं ते असं:

"देवापुढे गप्प बसलं की मन हळूहळू निवळतं अगं ते झाकण दे आधी मन निवळलं की आतला आवाज ऐकू येतो तो आवाज आपल्याला विचारतो मीठ कोणी संपवलं गाणं गाताना देव अगदी जवळ असतो गाण्याचं नाव काढू नकोस त्या ऑर्गनवाल्या बाई एवढं सावकाश वाजवतात की पहिल्या कडव्याला उभी राहिलेली मी शेवटच्या कडव्याला म्हातारी होते म्हणून रोज थोडा वेळ देवाला द्यावा हो हो देते ओरडू नकोस"

रविवारी उपासनेआधी चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी टिटवीला थांबवलं. "प्रार्थनेबद्दल इतकं खरं कुणी लिहिलं नव्हतं," ते म्हणाले. "मी डोळे मिटले की मलाही घरची पाण्याची टाकी भरून वाहताना दिसते." टिटवीला काही कळेना. तिने मोबाइल उघडला आणि स्वतःचाच लेख पहिल्यांदा वाचला. आईने खांद्यावरून वाचलं.

"पूस! आत्ताच्या आत्ता पूस!"

टिटवीने गाठोड्याने कसंबसं पुसलं. पण तोवर निम्म्या मंडळीने तो लेख उरलेल्या निम्म्या मंडळीला पाठवला होता.

आता ऑर्गनवाल्या बाई म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. सगळा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेलेला; चर्चमधल्या बऱ्याच मोठ्या माणसांना त्यांनी कधी ना कधी बाकावर उभं केलेलं. त्या दिवशी त्यांनी गाणं आणखीच सावकाश वाजवलं. उपासना संपली तरी त्या ऑर्गनजवळून उठल्या नाहीत. बोटाने मायलेकींना बोलावलं.

"मोबाइलने काहीतरी भलतंच ऐकलं हो," आईने सुरुवात केली.

"मिठाचंही भलतंच ऐकलं का?"

"नाही. मीठ खरंच संपलं होतं."

"मग माझंही खरंच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "मला सुरांच्या खुणा दिसत नाहीत. पुस्तकावर मुंग्या पळतात नुसत्या. एकेक मुंगी पकडत जाते, म्हणून वेळ लागतो. कुणाला सांगितलं तर म्हणतील, आता ऑर्गनवरून उठा."

 आई बाईंच्या शेजारी बाकावर टेकली आणि त्यांचा हात हातात घेऊन बसली. टिटवीला रडू फुटणार होतं, पण तेवढ्यात तिचं लक्ष पुस्तकाकडे गेलं.

"बाई, हा चष्मा कसला? पेपर वाचायचा?"

"हो. छान दिसतो पेपर."

"पेपर तुम्ही हातात धरता. हे पुस्तक हातभर लांब आहे. तुम्हाला जवळचाही नको, लांबचाही नको. मधला नंबर हवा."

बाईंनी तिला निरखून बघितलं. "तुला मी बाकावर उभं करायची ना? वर्गात बोलतेस म्हणून?"

"हो बाई."

"बोल आता. काय काय करायचं?"

टिटवीने बाईंना वाजवायला बसतात तसं ताठ बसवलं आणि डोळ्यापासून पुस्तकापर्यंतचं अंतर आईच्या ओढणीने मोजून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी मालकांनी नंबर काढला. अंगठा बरा झाल्यावर काचा टिटवीने स्वतः घासल्या, आणि त्या पूर्ण होईपर्यंत दुकानात चक्क शांतता होती.

नव्या चष्म्याच्या पहिल्याच रविवारी बाई अशा सुटल्या की विचारू नका. सगळ्या मुंग्या एकदम हाती लागल्या होत्या. मंडळी धापा टाकत मागे धावत होती, आणि पाळकसाहेब अजून तिसऱ्या कडव्यात असताना गाणं संपलंसुद्धा.

"अहो, आम्ही काय गाडी पकडायला आलोय?" आई बाहेर आल्यावर म्हणाली.

"आधी म्हातारी होत होतीस, आता दमतेस," बाई म्हणाल्या. "तूच ठेव ताल. मी तुझ्या पायाकडे बघत जाईन."

पण त्या चष्म्यातून पहिल्या बाकावरचा पाय धूसर दिसायचा. म्हणून आईची खुर्ची ऑर्गनशेजारी लागली. आईने पायाने ताल धरायचा आणि पान उलटायचं. दोघींची तालीम शनिवारी टिटवीच्या स्वयंपाकघरात होऊ लागली. टेबलावर बोटं बडवायची, भांडायचं, चहा प्यायचा, पुन्हा भांडायचं. बाईंची परवानगी घेऊन टिटवीने हे सगळं ब्लॉगवर लिहिलं. "लिही," बाई म्हणाल्या, "पण वय लिहू नकोस." डोळे मिटून देवापुढे बसणं सोपं, शेजारच्याला 'मला दिसत नाही' म्हणणं कठीण, असं तिने त्यात म्हटलं. पाठवण्याआधी शब्द न् शब्द वाचून काढला.

परवाच्या रविवारी आईने घाईघाईत दोन पानं एकदम उलटली. बाईंना आता सगळं स्वच्छ दिसत होतं, त्यामुळे जे समोर आलं ते त्यांनी वाजवलं. मंडळी देवाचे उपकार मानत निघाली होती ती थेट मेंढपाळाच्या गाण्यात जाऊन पोचली. कुणी जुनं गाणं म्हणत होतं, कुणी नवं, टिटवीचे वडील मधलंच काहीतरी. पाळकसाहेबांनी थोडा वेळ वाट बघितली, मग दोन्ही हात वर करून मोठ्याने "आमेन" म्हणून टाकलं.