बाईंची चुकीची मतं

दहा मिनिटांचा जर्मन लघुपट संपला की शालिनीबाई लॅपटॉप मिटायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि अगदी साळसूद चेहऱ्याने आमच्याशी खोटं बोलायच्या. शेजाऱ्याने म्हातारबुवांची सायकल गुपचूप दुरुस्त करून ठेवलेली आम्ही पडद्यावर धडधडीत पाहिलेली असायची. बाई जर्मनमध्ये विचारायच्या, "हा शेजारी चोर आहे, नाही का?" आणि आम्ही नऊच्या नऊ जण माना डोलवायचो. बाई म्हणतात म्हणजे असेल!

मग बाई कपाळाला हात लावून आपल्या पेडण्याच्या बोलीवर यायच्या. "अगे, दोळे फुटले काय तुमचे? माका खोटी पाडा मगे कोणतरी!"

बाई पूर्वी एका खाण कंपनीत जर्मन यंत्रांची कागदपत्रं भाषांतरित करायच्या. खाणी थांबल्या तशी त्यांनी डिचोलीच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या खोलीत हा वर्ग काढला. खाली मासळीवालीची हाक, वर आमचं जर्मन. वरच्या इयत्तेला आल्यावर पाठ्यपुस्तक कपाटात जायचं. "पुस्तकातली माणसां एकमेकांक फकत वेळ विचारतत," त्या म्हणायच्या. "खरी माणसां भांडतत. ती फिल्मांनी गावतत."

मी नर्स. खाणी थांबल्यापासून नवऱ्याचा खनिजाचा ट्रक आमच्या हळर्णच्या घराच्या अंगणात उभा होता आणि मला जर्मनीतल्या एका इस्पितळाने घेतलं होतं. अट एकच, बोलण्याची परीक्षा पास व्हायची. त्यात दोघांना समोरासमोर बसवून एखाद्या विषयावर वाद घालायला लावतात. पहिल्या खेपेला माझ्यासमोर बसलेल्या जोडीदाराने काहीतरी अचाट विधान केलं. मी म्हटलं, अगदी बरोबर. त्याने त्याहून अचाट दुसरं केलं. मी म्हटलं, तेही बरोबर. आमचा वाद एवढ्यावरच आटोपला आणि मी नापास झाले. सासऱ्यांपुढे, डॉक्टरांपुढे आजवर मी दुसरं केलं तरी काय होतं? इस्पितळाने आणखी एकदाच बसायची मुभा दिली. पुन्हा आपटले की जागा गेली.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "होय होय करून थंय भागाचा नाय गे. डॉक्टरान चुकीचो डोस लिवलो तर थंयपण होय म्हणतलंस?" त्या दिवसापासून प्रत्येक लघुपटानंतर पहिला प्रश्न मला. मी घरून वाक्यं घोकून यायचे आणि बाईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं की दातखीळ बसायची.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना बाईंनी एक नवा लघुपट लावला. एक बाई दूरच्या शहरात कामाला जाते. मुलगी आजीपाशी राहते. आईचा फोन आला की ती टेबलाखाली लपते, बोलत नाही. शेवटी एका सकाळी आईचा ढगळ स्वेटर घालून शाळेला जाते. संपलं. बाईंनी लॅपटॉप मिटला, चष्मा वर केला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ह्या आईचं मुलीवर प्रेमच नव्हतं. म्हणून तर गेली. बरोबर ना?"

"नाइन!" मी उभीच राहिले. "नाही! तुम्ही चुकताय! ती रोज फोन करते. मुलगी तिचाच स्वेटर घालते. माझीही मुलगी सहा वर्षांची आहे, तीही आजीजवळच राहणार आहे. मी तिला टाकून नाही चाललेय!" हे सगळं जर्मनमध्ये, मोडकंतोडकं, रडत. मग आपण कोणावर ओरडलो ते ध्यानात आलं आणि मी मटकन खाली बसले.

"जनेल लायतंय, बाजाराचो आवाज येता," म्हणत बाई उठल्या आणि खिडकीपाशी पाठमोऱ्या बराच वेळ उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचेही डोळे लाल होते. चहाबरोबरचा उंडा पाव माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "अकरा चुको केलंस. पण माका एकव टोचूक नाय. जा, आता परीक्षा दी."

मी पास झाले.

बाईंना मूलबाळ नव्हतं, यजमान केव्हाच गेलेले. पोरं तयार करायची आणि विमानात बसवून द्यायची, हाच त्यांचा संसार. मी इथे जर्मनीत आल्यावरही दर रविवारी त्यांचा एक लघुपट यायचा आणि मागोमाग आवाजी निरोपात एक चुकीचं मत. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना खोटी पाडायचे. त्या माझ्या चुका मोजून पाठवायच्या.

शेवटच्या लघुपटात एक म्हातारी रोज स्टेशनवरच्या बाकावर येऊन बसते आणि सुटणाऱ्या गाड्यांना हात करते. बाईंचं मत होतं, "ह्या म्हातारेक कोणूच नाय. म्हणान ती गाड्यो बघीत बसता. बरोबर मगे?" त्या आठवड्यात वॉर्डात माणसं कमी होती, मी दमले होते. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी निवांत भांडू. गुरुवारी वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला. बाई सकाळी चहा घेता घेता गेल्या होत्या.

तरी मी उत्तर पाठवलं. इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून, जर्मनमध्ये. "नाही बाई, तुम्ही साफ चुकताय. त्या प्रत्येक गाडीत तिचं माणूस आहे. एका गाडीत मी आहे." बोलताना दोन-तीन चुका झाल्या असतील. त्या मोजून आल्या नाहीत.