हाताचा बूट

माझी जाऊ पद्मजा म्हणजे भित्री भागूबाई. आगरात सुपारी पडली तरी हिच्या छातीत धस्स! रत्नागिरीहून देवरूखला माहेरी जायचं तरी आधी देवाला गाऱ्हाणं. आणि २००२ साली हिला एकटीने विमानात बसून जर्मनीला जायचं होतं. लेक स्वानंदी तिथे बाळंत व्हायची होती.

आईची भीती जावी म्हणून स्वानंदी फोनवर भाषा शिकवायची. "सोप्पं आहे गो आई, दोन शब्द घ्यायचे नि जोडायचे. शिवताना बोटात घालतो ते अंगुस्तान म्हणजे फिंगरहूट, बोटाची टोपी. हातमोजा म्हणजे हांटशू, हाताचा बूट!"

"त्यात काय?" मी म्हटलं. "आपण हाताला मोजा चढवला, त्यांनी बूट."

पण पद्मजा पांढरीफटक. "म्हणजे नर्स उचलेल तेव्हा बाळाला पहिला स्पर्श बुटाचा? चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो हो!"

"वेड लागलंय तुला," मी हसले. "इथल्या नर्सासुद्धा मोजे घालतात."

"इथे त्याला बूट नाही म्हणत कुणी."

आता बोला! पण त्या धास्तीनेच बया विमानात चढली. बाळाला आधी आपल्या माणसाचा हात लागायला हवा, एवढंच तिचं म्हणणं.

ती पोचण्याआधीच बाळ आलं. दिवस भरले नव्हते. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी, काचेच्या पेटीत ठेवलेली. जगेल का, विचारलं तर डॉक्टर म्हणाले, इतक्यात सांगता येत नाही. इकडे फोन वाजला की आता मीच आधी देवाला हात जोडायची. मी तिला हसले होते, त्याचं फार वाईट वाटत होतं.

जंतू लागू नयेत म्हणून पद्मजालाही मोजे घालूनच आत सोडलं. स्वानंदी फोनवर रडत सांगत होती, "काकू, आई बाळाला बोट लावते नि लगेच नमस्कार करते. परत लावते, परत नमस्कार. थांबतच नाहीये गो!"

नर्सने विचारलं, ही काय करते? स्वानंदीने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या नर्सने पद्मजाचे हात कोपरापर्यंत धुवायला लावले आणि मोजे न देताच पेटीत घालू दिले.

त्या दिवशी फोनवर पद्मजा जन्मात पहिल्यांदा ओरडली, "अगो, ऊब आहे गो पोरीला!"