वाइनअण्णा आणि अव्वाचा माळ

वाइनअण्णा थुंकायचे फार सुंदर. हसू नका. कोल्हापुरात थुंकणाऱ्यांना काय तोटा आहे? पण तंबाखू खाऊन भिंत रंगवणं वेगळं आणि अण्णांचं वेगळं. पेला नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे, एक घोट तोंडात घेऊन खळखळवायचे आणि चार हातांवरच्या पितळी तस्तात अशी बारीक धार सोडायचे की बाहेर एक शिंतोडा पडत नसे. बघणाऱ्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. मी एकदा वाजवल्याही.

त्या थुंकण्यामागे शपथ होती. अण्णा लिंगायत घरातले. ज्या घरात कधी अंडं आलं नाही, त्या घरातला हा पोरगा वाइन बनवायची नोकरी धरून नाशिककडे निघाला, तेव्हा अव्वाने, म्हणजे त्यांच्या आईने, गळ्यातल्या लिंगाला हात लावून वदवून घेतलं, "तोंडात घे, पर घशाखाली जाऊ देऊ नगंस." पुढे तीस वर्षं अण्णांनी वाइन बनवली. परदेशात बक्षिसं मिळाली, पेपरात फोटो आले, आणि हा बाबा एक थेंब प्यायला नाही. मी विचारलं, "अण्णा, पीत न्हाईसा तर कळतं कसं?" म्हणाले, "पावणं, नाकानं निम्मं जग कळतंय. उरल्यालं कळून तरी काय कराचंय?" वीस वर्षांची ओळख, तरी मी शेवटपर्यंत त्यांचा पावणाच राहिलो.

माझा गंगावेशीत छापखाना. अण्णा सुट्टीवर आले की तिथे येऊन बसायचे आणि शाईचा वास घेत "ही चांगली मुरलीया" असलं काहीतरी बोलायचे. एकदा त्यांनी मला आपल्या हातची एक बाटली भेट दिली. मी ती घरी नेऊन मटणाच्या तांबड्या रश्शाबरोबर घेतली. वर बर्फ, वर सोडा. कौतुकाने हे सांगायला गेलो, तर अण्णा उठून निघूनच गेले. तिसऱ्या दिवशी परत आले आणि दारातूनच म्हणाले, "बर्फाचं माफ केलं. सोड्याचं करणार न्हाय."

दोन हजार सालानंतर नोकरी सोडून ते कायमचे गावी आले. जोतिबाच्या डोंगराखाली त्यांच्या घरचा एक खडकाळ माळ होता, नाव अव्वाचा माळ. "आजवर दुसऱ्याच्या रानातलं केलं, आता घरच्या रानातलं एक पिंप तरी करून दावतो," म्हणून त्यांनी तिथे काळी द्राक्षं लावली. पण रान दोघा भावांचं. थोरले दादा म्हणजे कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि डोक्यात फक्त ऊस. त्यांनी भर अंगणात बजावलं, "लाव तुझी येल. पर पावण्यांत माझी मान खाली गेली, की त्याच दिवशी टॅक्टर घालून उपटणार. मग ऊस." अण्णा "व्हय दादा" म्हणाले. दादांपुढे त्यांना दुसरा शब्द येतच नसे.

वेलींना फळ धरलं, वाइन झाली, वर्षभर लाकडी पिंपात मुरली. अण्णा रोज सकाळी पिंपाला कान लावून बसायचे. कशाला, ते देव जाणे. शेवटी बाटल्या भरल्या आणि लेबलाचं काम माझ्याकडे आलं. मजकूर तीनच ओळींचा: अव्वाचा माळ, तांबडी वाइन, साल. एवढं काम शेंबडं पोरगंही करील. पण दिवस लग्नसराईचे, आणि आमच्या छापखान्यात वडिलांपासूनची रीत अशी की कागदावर पहिला देव, मग मजकूर. हाताला सवय! लेबलं छापली, गठ्ठा बांधला, माळावर पाठवून दिला. तिथल्या बायकांनी खळ लावून झटक्यात सगळ्या बाटल्यांना चिकटवली. मग अण्णांनी चष्मा लावला.

वर छापलं होतं, '॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥'. आणि तळाला, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'.

निरोप मिळाल्यावर मी फटफटीवरून धावत गेलो. म्हणजे फटफटी धावली, मी नुसता घाम गाळला. अण्णांचे पाय धरणार, एवढ्यात धडधडत ट्रॅक्टर आला. वर थोरले दादा, डोक्याला पावण्यांकडच्या लग्नातला फेटा तसाच. लग्नाच्या मांडवात एका पावण्याने चारचौघांत विचारलं होतं, "काय दादा, रानात हातभट्टी घातली म्हणं?" दादा जेवणाच्या पंगतीतून उठून तडक इकडे आले होते.

"आदी बाटल्या, मग येली!" असं ओरडत त्यांनी एक बाटली उचलली आणि खडकावर आपटायला हात वर नेला. अण्णा कोपऱ्यात उभे होते, आणि त्यांचे ओठ लहान पोरासारखे थरथरत होते. तो माणूस मला तसा बघवेना. सगळ्या जगाने ज्याला मान दिला, त्याची सगळी पुंजी त्या वर गेलेल्या हातात होती, आणि तो हात काही केल्या खाली येईना.

दादा लेबल वाचत होते.

मग त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली, पायातल्या चपला काढल्या आणि हात जोडले. ते बघून खळवाल्या बायकांनी चपला काढल्या. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर खाली उतरून पाया पडला. मग मीही पडलो, न पडून सांगतो कुणाला!

"देवाचं नाव घिऊन काढलंय, हे आदी सांगाय काय झालतं रं तुला?" दादा अण्णांवर कडाडले. अण्णा पडले सरळमार्गी. खरं सांगायला तोंड उघडलं, तसा मी त्यांच्या पायावर सगळं वजन टाकून उभा राहिलो. दादांनी बाटली पुन्हा डोळ्यांजवळ नेली. "उपस्थिती प्रार्थनीय," त्यांनी एकेक अक्षर लावून वाचलं आणि फेटा सारखा केला. "मग? आलो की म्या!"

वेली वाचल्या. पुढची लेबलं बिनचूक छापू म्हटलं, तर दादांनी साफ नकार दिला. परदेशातला एक मोठा जाणकार ती वाइन चाखून अण्णांचा हात सोडेना. पण तळाच्या ओळीचा अर्थ त्याला सांगताना अण्णांचा घसा बसला.

चार-पाच वर्षांनी अण्णा छाटणीच्या दिवसांत गेले. आजार नाही, काही नाही, दुपारी जेवून टेकले ते उठलेच नाहीत. त्यांच्यात माणसाला रानातच, बसवून समाधी देतात. अण्णांना अव्वाच्या माळावर, वेलींकडे तोंड करून बसवलं. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "संपलं. आता तिथं ऊस."

वर्षभर माझे पाय तिकडे वळले नाहीत. मग एकदा धीर करून गेलो. दादा ऐंशीच्या घरातले, हातात कात्री घेऊन वाकून वेली छाटत होते. ओळी जिथल्या तिथे. मी विचारलं, "दादा, ऊस न्हाई लावला?"

दादा वळलेही नाहीत. म्हणाले, "त्यो बसलाय न्हवं तिथं. ऊस पुरुसभर वाढतोय. त्येला म्होरचं काय दिसंल?"